बोळाला मार्ग म्हणू नका

रस्त्याला नाव द्यायचा विषय निघाला की आपल्याकडे भांडण ठरलेलं. कुणाचं नाव द्यायचं, यावर. एका बाजूला शाहीर, दुसऱ्या बाजूला समाजसेवक, तिसऱ्या बाजूला माजी नगरसेवकांचे कैलासवासी वडील. सभा तहकूब होतात, फलक रातोरात लागतात आणि रातोरात निघतात, चौकात पोलिसांची गाडी उभी राहते. या धुमश्चक्रीत नावाच्या शेवटी जो एक शब्द येतो त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. मुंबईत तो ‘मार्ग’, पुण्यात ‘पथ’. सटवाईनं कपाळी लिहून ठेवावा तसा ठरलेला. आधी तिथे आळी होती की बोळ, समुद्राचा बांध होता की बैलगाडीची वाट, याची चौकशी कुणी करत नाही. केलीच, तर उत्तर तयार असतं : ‘काय फरक पडतो? सगळे रस्तेच!’

माझं भांडण या उत्तराशी आहे. नाव कुणाचं द्यायचं यावर लोकांनी हवं तेवढं भांडावं. माझं म्हणणं एवढंच, की रस्त्याची खरी माहिती बहुतेक वेळा त्या दुर्लक्षित शेवटच्या शब्दात असते आणि तोच आपण आधी खोडतो.

पूर्वपक्ष नीट मांडतो, कारण तो काही अडाण्यांचा पक्ष नाही. ते म्हणतात, भाषेत एका वस्तूला दहा शब्द असायचेच. पाणी म्हणा, जल म्हणा, नीर म्हणा, तहान तीच. सगळीकडे एकसारखा शब्द असला तर टपालाला, घरपट्टीला, नकाशाला सोयीचं. ‘गल्ली’, ‘बोळ’ हे शब्द थोरांच्या नावाला शोभत नाहीत. ‘रोड’, ‘रो’, ‘लेन’ ही साहेबाची उष्टी. त्यांच्या जागी आपला शब्द आला तर बिघडलं कुठे? जुन्या नावांना जातीचा वास येतो, तो गेलेला बरा. आणि आता मोबाइल घरापर्यंत नेऊन सोडतो. त्याला बोळ काय आणि मार्ग काय. यातल्या प्रत्येक म्हणण्यात थोडं तथ्य आहे. एकात तर पुष्कळ आहे, पण त्याकडे सावकाश येऊ.

तहानेच्या दाखल्यापासून सुरुवात करतो. जल आणि नीर एकच असेल. पण पाट, नाला आणि कालवा एकच आहेत का? पाणी तिन्हींत असतं, तरी पाळीपाळीनं हक्काचं पाणी मिळतं ते पाटाचं. रस्त्यांच्या शब्दांचं असंच आहे. गावात जाऊन एखाद्या शेतकऱ्याला विचारा, ‘पाणंद आणि पायवाट एकच ना?’ तो तुमच्याकडे कीव आल्यासारखा बघेल. पाणंद म्हणजे शेतांच्या मधून जाणारी, दोन्ही अंगांना बांध नाहीतर कुंपण असलेली, सगळ्यांची वाट. पायवाट माणसापुरती. गाडीवाटेनं बैलगाडी, आता ट्रॅक्टर, ऊस भरून निघाला पाहिजे. शिवरस्ता दोन गावांच्या शिवेवरून जातो, त्यामुळे त्याचं भांडण लागलं की दोन गावं त्यात पडतात.

हे फरक केवळ बोलण्यातले नाहीत. भूमी अभिलेखचा जुना गाव नकाशा पुढ्यात पसरा : पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला, मागून कापड चिकटवलेला. त्यावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं दाखवलेला असतो, पायमार्ग एकेरी तुटक रेषेनं. या रेषांमागे माप उभं आहे. मुंबई इलाख्यातली मोजणीची साखळी 33 फुटांची. 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद चौकोन म्हणजे आपला गुंठा, 1089 चौरस फूट. पायमार्गाची रुंदी धरतात सव्वाआठ फूट, म्हणजे पाव साखळी. गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट, आणि साडेसोळा म्हणजे बरोबर अर्धी साखळी. शब्द बदलला की नकाशावरची रेषा बदलते, रेषा बदलली की जमिनीवरचे फूट बदलतात.

आता समजा, शेजाऱ्यानं दरवर्षी नांगराचं एकेक तास पुढे सरकवत पाणंद निम्मी गिळली आणि उरलेल्या निम्म्यात काटेरी झाप टाकली. तुम्ही तहसीलदाराकडे अर्ज करता. त्यात तुम्ही त्या वाटेला काय म्हणता, यावर पुढचा सगळा डाव. वहिवाटीचा रस्ता होता आणि तो अडवला, असं असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5. आणि दावा अडवणुकीपासून सहा महिन्यांच्या आत. रस्ताच नव्हता, बांधावरून नवा हवा आहे, असं असेल तर जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 143. पहिल्यात तुम्ही हक्क मागता, दुसऱ्यात सोय मागता. नकाशावर पाणंद असताना अर्जात नुसतं ‘रस्ता मिळावा’ असं लिहून हातचा हक्क मागणीच्या रांगेत उभा करणारे लोक तालुक्याच्या गावी रोज दिसतात. तिथे जाऊन ‘सगळे रस्तेच’ म्हणून दाखवा.

(पाणंद हा शब्द काही सभ्य कानांना सोसत नाही, हे मला ठाऊक आहे. संडास नव्हते तेव्हा गाव पहाटे कुठे जायचं, हे त्यामागचं कारण. पण शब्दाचा काय दोष?)

गंमत अशी, की शहरात मार्गाशिवाय न बोलणारं सरकार गावात आलं की बरोबर जुना शब्द वापरतं. शेतरस्त्यांसाठी 2021 मध्ये जी योजना आली तिचं नाव ‘मातोश्री ग्रामसमृद्धी शेत, पाणंद रस्ते योजना’. ‘पथ योजना’ नव्हे. मोजमाप, हक्क आणि निधी यांचा प्रश्न आला की नेमका शब्द लागतो, हे सरकारी कारकुनाला पक्कं ठाऊक असतं.

सरकारला ते किती पक्कं ठाऊक आहे, याचा याहून झणझणीत पुरावा 2017 सालचा. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2016 मध्ये निकाल दिला, की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूचं दुकान नको. पुढे वीस हजारांहून कमी वस्तीच्या गावांसाठी ते अंतर 220 मीटर केलं. 1 एप्रिल 2017 पासून दुकानांना टाळी लागायला लागली आणि देशभरच्या राज्य सरकारांना अचानक शब्दार्थाची गोडी लागली. शहरांतून जाणारे महामार्ग म्हणे महामार्ग नव्हतेच! चंडीगडनं आपल्या रस्त्यांचं वर्गीकरण बदललं, काही राज्यांनीही तसेच प्रयत्न केले, आपणही त्यात मागे राहिलो नाही. डांबर तेच, खड्डे तेच, ट्रक तेच. कागदावरचा एक शब्द बदलला आणि बारचं शटर वर गेलं. त्याच वर्षी पुढे न्यायालयानंही शहराच्या हद्दीपुरतं हे चालवून घेतलं. रस्त्याच्या जातकुळीचा शब्द निरर्थक असता, तर एवढे सचिव त्या एका शब्दासाठी रात्र रात्र जागले असते का?

महामार्गांच्या या उतरंडीचा पाया तर आपल्याच मुलखात घातला गेला. 1943 मध्ये नागपूरला मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि तिथे ठरलेल्या नागपूर योजनेत देशातल्या रस्त्यांची प्रतवारी झाली. आज आपण राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग म्हणतो ती त्याच वळणाची. मार्ग सगळ्यांत आहे, पण त्याआधीचा शब्द सांगतो, की खड्ड्यासाठी शिव्या दिल्लीला द्यायच्या, सार्वजनिक बांधकामला द्यायच्या की जिल्हा परिषदेला. आणि पुण्याहून मुंबईला निघालेल्या मोटरसायकलस्वारानं ‘द्रुतगती मार्ग’ आणि ‘जुना महामार्ग’ यांत फरक नाही असं मानलं, तर तो फरक टोलनाक्यावर त्याला समजावून सांगितला जातो. दुचाकीला द्रुतगती मार्गावर मज्जाव आहे.

आता साहेबाच्या उष्ट्याचा मुद्दा. इथे माझी सहानुभूती पूर्वपक्षाकडे आहे, आधीच सांगतो. लॅमिंग्टन, फॉकलंड, ग्रँट हे मुंबईचे गव्हर्नर. त्यांची नावं आपण जन्मभर का वागवायची? लॅमिंग्टन रोडचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला, उत्तम झालं. फॉकलंड रोडला पठ्ठे बापूरावांचं नाव दिलं, ते तर या शहरातल्या सगळ्यात शहाण्या नामकरणांपैकी एक आहे. बाजूलाच पिला हाऊस, म्हणजे मूळचं ‘प्ले हाऊस’. थिएटरांचा आणि तमाशाच्या फडांचा तो परिसर. तिथे गव्हर्नर जाऊन शाहीर आला, यात जागेला न्याय मिळाला. रोडचा मार्ग झाला म्हणूनही तिथे काही हरवलं नाही, कारण ‘रोड’ या शब्दात मुळात काही साठवलेलं नव्हतं.

पण सगळीकडे तसं नव्हतं. हॉर्नबी वेलार्ड घ्या. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामध्ये मोठं खिंडार होतं, भरतीचं पाणी त्यातून आत घुसायचं आणि बेटांमधली सखल जमीन खाजण करून टाकायचं. पायधुणीला लोक खरोखर पाय धुऊन पुढे जात, इतकं ते पाणी आत येई. गव्हर्नर हॉर्नबीच्या कारकिर्दीत, 1784 च्या सुमारास, तिथे दगडी बांध पुरा झाला आणि मुंबई बेटांची मिळून एक मुंबई व्हायला लागली. महालक्ष्मीच्या मूर्तीची आख्यायिकाही याच बांधाशी जोडलेली : बांध टिकेना, मग अभियंता रामजी शिवजी प्रभूंना देवीनं दृष्टान्त दिला वगैरे. ‘वेलार्ड’ हा पोर्तुगीज वळणाचा शब्द, अर्थ बांध. पुढे नाव बदललं, लाला लजपतराय मार्ग झालं. हॉर्नबीच्या जागी लालाजी आले याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तक्रार आहे ती वेलार्डच्या जागी ‘मार्ग’ आल्याची. बांधाचा मार्ग झाला आणि आपण इथे समुद्र अडवून उभे आहोत, ही गोष्ट पत्त्यातून पुसली गेली. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा पाणी कुठे का तुंबतं, यावर शहर महिनोन् महिने बोलत होतं. बांध, खाडी, पूल, खाजण हे शब्द फलकांवर राहिले असते तर पूर आला नसता, असं म्हणण्याइतका मी खुळा नाही. पण निदान आपण कशावर राहतो हे माणसांना रोज वाचायला मिळालं असतं.

किल्ल्याच्या भागात हेच. 1860 च्या दशकात फोर्टचा तट पाडला. तट गेला, पण तो कुठून कसा जात होता हे नावांत शिल्लक होतं : तटालगतची रांग ती रॅम्पार्ट रो, बाजाराकडच्या दरवाजाची बाजारगेट स्ट्रीट, चर्चकडच्या दरवाजाचं चर्चगेट. या शब्दांवर बोट ठेवत चालत गेलात तर पाडलेल्या किल्ल्याला प्रदक्षिणा घालता येत असे. रॅम्पार्ट रोचा के. दुभाष मार्ग झाला, चर्चगेट स्ट्रीटचा वीर नरिमन रोड. दुभाष आणि नरिमन यांना मान मिळाला. तट मात्र दुसऱ्यांदा पाडला गेला. चर्चगेट हे नाव वाचलं ते पश्चिम रेल्वेच्या कृपेनं. फोरास रोडच्या बदललेल्या नावातून तर जमिनीचा एक अख्खा इतिहास गेला. खाऱ्या पाण्याखालची जमीन उठवून लागवडीला आणण्यासाठी दिलेली, तिच्यावरचा धारा म्हणजे फोरास. शब्द परका होता, पण त्यात मुंबई कशी तयार झाली ते लिहिलेलं होतं. तो काढताना ‘खाजण’ हा आपला शब्द तिथे बसवायला कुणी मनाई केली होती?

म्हणजे परका शब्द काढा, पण त्यातला ऐवज आपल्या शब्दात उतरवून घ्या. कॉजवेला बांध म्हणा, रॅम्पार्ट रोला तटाची आळी म्हणा. ‘मार्ग’ हा त्यांचा अनुवाद नव्हे. तो मराठीचा अभिमानही नव्हे, शब्दकोशाचं पान उलटायचा आळस आहे. ज्या भाषेत पाणंद, बिदी, आळी, बोळ, पाखाडी, तिठा, तिकटी, चव्हाटा, खिंड, बारी, नाळ असे शब्द पडलेत, तिच्या नावानं सगळीकडे एकच शब्द ठोकायचा आणि वर त्याला भाषाप्रेम म्हणायचं, हे अजब आहे.

शोभेचा मुद्दा मला सगळ्यात पोकळ वाटतो. थोर माणसाच्या नावाला ‘बोळ’ शोभत नाही म्हणतात. पुण्याच्या जुन्या पेठांत भाऊ महाराज बोळ आहे, हसबनीस बखळ आहे. त्यामुळे भाऊ महाराजांची किंवा हसबनीसांची काय अप्रतिष्ठा झाली? उलट पाच फुटी सांदीला कुणा पुढाऱ्याच्या नावाचा ‘महामार्ग’ म्हटलं तर हसू होतं ते त्या पुढाऱ्याचं. आणि बोळ हा शब्द कामाचा आहे. बोळ म्हटलं की तिथे घर शोधणाऱ्याला कळतं, की गाडी बाहेर लावायची, टेम्पो आत घालायचा नाही, कपाट उभं करून न्यावं लागेल, समोरून सायकल आली तर एकानं ओट्यावर चढायचं. आग लागली तर बंब तोंडाशीच थांबणार आणि पाइप आत ओढत न्यावा लागणार. रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेला पत्ता सांगताना ‘अमुक पथ’ म्हणालात तर चालक वळवून आत घालेल आणि मग मागे घेता घेता दहा मिनिटं जातील. ‘बोळ आहे, तोंडाशी थांबा’ म्हणालात तर तो स्ट्रेचर काढून तयार राहील. आळीचं तसं नाही; आळी म्हणजे दोन्ही बाजूंना घरांची ओळ, गाडी जाईल, कदाचित कष्टानं. एखादा बोळ पाडून साठ फूट रुंद केला, तर त्याला बोळ म्हणू नका, माझी हरकत नाही. पण आधी पाडा आणि मग नाव बदला. आपल्याकडे नाव बदलून काम झाल्याचं समाधान मानतात.

आता जातीचा मुद्दा. पुष्कळ तथ्य ज्यात आहे म्हणालो तो हाच. महाराष्ट्र मंत्रिमंडळानं डिसेंबर 2020 मध्ये वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचं ठरवलं. या निर्णयाच्या बाजूनं मी शंभर टक्के आहे. कुणी म्हणेल, मग तुमच्या सिद्धांताचं काय? महारवाडा, मांगवाडा या नावांतही माहिती होतीच की. होती. गावाच्या कुठल्या अंगाला, पाणवठ्यापासून किती लांब, हे सगळं त्या एका शब्दात होतं. पण ती माहिती वाटेची नव्हती, माणसाच्या जन्माची होती. शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या अर्जावर, पोस्टमनच्या तोंडी, प्रत्येक वेळी पत्ता सांगताना माणसाला आपली जात जाहीर करायला लावणारी. शेवटचा शब्द रस्त्याची रुंदी, चढ, वहिवाट, काम सांगो. तो कुणाची पायरी सांगू लागला की तो गेलाच पाहिजे. तिथे इतिहासाचा गळा काढणाऱ्यांनी आधी त्या पत्त्यावर राहून बघावं.

मग तांबट आळीचं काय करायचं, बुरुड आळीचं काय? इथे घाईनं झाडू फिरवणाऱ्यांशी माझा मतभेद आहे. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळीत शिरलात की नाव वाचायच्या आधी ते ऐकू येतं. दाराशी, ओट्यावर, लोखंडी खरवईवर घागर नाहीतर बंबाचं अंग फिरवत कारागीर हातोडीचे ठोके घालत असतो. एकापुढे एक, सारख्या अंतरावर. हे मठारकाम. त्यानं पत्रा आवळून घट्ट होतो आणि अंगावर ती चकाकणारी ठिपक्यांची नक्षी उठते, जी आता हॉटेलांच्या पाण्याच्या जगांवर मशीननं नकली उठवलेली दिसते. अस्सल आणि नकली यांतला फरक हातानं ओळखायचा तर अस्सल भांड्यावर ठोके कुठेतरी एखाद्या केसानं चुकलेले असतात, तिथे बोट थांबतं. त्या आळीचं नाव त्या कामाचं आहे, आणि काम अजून चालू आहे. बुरुड आळीत आजही सुपं, टोपल्या, चटया मिळतात. हे शब्द जातींचीही नावं आहेत, हे मी नाकारत नाही; धंदा आणि जात आपल्याकडे एकत्रच बांधून दिलेली होती. म्हणून अशा ठिकाणी निर्णय महापालिकेच्या दालनात नको, आळीत व्हावा. तिथल्या लोकांना नाव जड वाटत असेल तर उद्या बदला. त्यांना ते आपल्या हुनराची पाटी वाटत असेल, तर बाहेरच्या कुणी परस्पर त्यांना लाजवू नये.

मोबाइलवाल्यांचं म्हणणं थोडक्यात उरकतो. नकाशा निळी रेघ दाखवतो, ती पायरीवरून जाते की पाण्यातून, हे दर वेळी सांगत नाही. सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना विचारा. खांडसहून भीमाशंकरला चढायला दोन वाटा : गणेश घाट आणि शिडी घाट. पडद्यावर शिडी घाटाची रेघ आखूड दिसते, म्हणून शहरातली पोरं पावसात तिकडे वळतात. नाव सांगत असतं की बाबांनो, इथे शिड्या आहेत, कातळ आहे, ओलं असेल. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याकडे चढणारी नळीची वाट : नळी म्हटल्यावर जाणत्या माणसाला दोन्ही बाजूंच्या भिंती आणि मधले ढासळते धोंडे दिसायला लागतात. घाट, खिंड, नाळ, नळी यांतला प्रत्येक शब्द गुरं जातील का, ओझं घेऊन उतरता येईल का, हात मोकळे हवेत का, याचं उत्तर देतो. ज्यांनी हे शब्द पाडले त्यांच्याजवळ फोन नव्हता, म्हणून त्यांनी सूचना नावातच भरून ठेवली. या सगळ्यांना उद्या कुणी ‘गिर्यारोहण पथ क्रमांक 4’ म्हटलं, तर त्याच्या हिशेबी मामला सोपा झाला. कड्याच्या हिशेबी नाही.

एक पाहुणा माझ्या बाजूला येऊन बसू पाहतो, त्यालाही उठवायला हवं. तो म्हणजे जुन्या नावांचा भक्त. त्याला जुनं ते सगळं सोनं. लॅमिंग्टन रोड म्हणण्यात त्याला एक खानदानी मजा येते. मी त्याच्या पंगतीला नाही. लोकांनी नावं धरून ठेवली ती जुनी म्हणून नव्हेत, उपयोगी म्हणून. काळा घोडा पाहा. स्वार होता सातवा एडवर्ड. लोकांनी स्वाराला विचारलंच नाही, घोड्याचं नाव चौकाला दिलं. 1965 मध्ये तो पुतळा राणीच्या बागेत हलवला तरी काळा घोडा जागचा हलला नाही, आणि 2017 मध्ये तिथे नवा घोडा बसवला तो बिनस्वाराचा. सात रस्त्याचंही तेच. साहेबाचं जेकब सर्कल आणि आपलं संत गाडगे महाराज चौक, दोन्ही नावं कागदावर; बसमध्ये बसणारा मात्र ‘एक सात रस्ता’ म्हणतो, कारण तिथे रस्ते सात फुटतात. ठाण्याचा तीन हात नाका, कोकणातले तिठे, हीही लोकांनीच ठेवलेली नावं. जकात जुलै 2017 मध्ये मुंबईतून गेली, नाके नावांत राहिले. तेही उद्या पिढी बदलली की झडतील, आणि झडले तर रडायचं कारण नाही.

लोक अजूनही असे शब्द पाडतात, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. धारावीत नव्वद फुटी रस्ता आहे, साठ फुटी आहे; सांगलीत शंभर फुटी आहे. या नावांना काव्य नाही म्हणून नाक मुरडतात. अहो, याहून लोकशाहीचं नाव कुठलं? रस्त्याची रुंदी नावात आहे. टेप घेऊन जा, मोजा. नव्वदाचे पंचावन्न भरले तर उरलेले पस्तीस कुणाच्या दुकानात, कुणाच्या पार्किंगमध्ये, कुणाच्या मंडळाच्या मांडवात गेले हे विचारता येतं. त्याचं ‘अमुकतमुक मार्ग’ केलंत की प्रश्नच संपला. मार्गाला फूट नसतात. असल्या नामांतराचा ठराव कोण आणतं आणि त्याच रस्त्यावर कुणाचे गाळे आहेत, हे एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे. शहराच्या वाढत्या अंगाला जो तो डीपी रोड असतो, त्याचीही कथा हीच. विकास आराखड्यात आखलेला, अर्धा झालेला, अर्धा कुणाच्या तरी कंपाउंडमध्ये अडकलेला. नाव रुक्ष आहे, पण ते सतत आठवण करून देतं की कागदावर हा पुढे जातो.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. ज्याचं द्यायचं त्याचं नाव द्या, मान द्या, पुतळे बसवा. पण ठराव करताना आधी त्या जागेचा शेवटचा शब्द कोणता होता ते नोंदवा, आणि तो जिवंत असेल तर ठेवा. ‘शाहीर अमुक बोळ’, ‘क्रांतिवीर तमुक पाणंद’ म्हणायला जीभ अडखळत असेल, तर ती आपली सवय आहे, व्याकरण नव्हे. हे करता येतं याचा दाखला मोठ्या कामांत आहेच. मुंबई-पुणे रस्त्याला यशवंतराव चव्हाणांचं नाव दिलं आणि ‘द्रुतगती मार्ग’ शाबूत ठेवला. मार्च 2024 मध्ये खुल्या झालेल्या समुद्रकाठच्या नव्या रस्त्याचं नाव ‘धर्मवीर स्वराज्यरक्षक छत्रपती संभाजी महाराज मुंबई किनारी रस्ता’. इतक्या लांबलचक नावातही ‘किनारी रस्ता’ टिकला. तो रस्ता हाजी अलीला येऊन लाला लजपतराय मार्गाला भेटतो. महापालिकेनं तिथल्या निळ्या फलकावर लालाजींच्या नावाखाली आणखी एक ओळ रंगवावी : ‘वरळीचा बांध, 1784 चा सुमार’. खर्च एका डब्याचा.